ओवीतल्या नावाविषयी

मा. संपादक यांस,
सादर नमस्कार.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रिकाम्या गाळ्यात तालीम करणाऱ्या तीन भावंडांच्या लोक-रॉक बँडविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत सविस्तर मजकूर आला होता. दोघी बहिणी आणि त्यांचा मोठा भाऊ ‘ओढ’ हा एकच विषय धरून नवा अल्बम करीत आहेत, त्यात जात्यावरच्या ओव्या आहेत, गिटार आणि ड्रमच्या जोडीला संबळ आणि पावरी आहे, हे सगळे आपल्या प्रतिनिधीने आपुलकीने लिहिले, याबद्दल मी मनापासून आभार मानते. नाशिकची मुले नाशिकमध्येच राहून असे काही करू पाहतात, तेव्हा त्यांच्याच गावच्या वर्तमानपत्राने त्यांच्यासाठी अर्धे पान मोकळे करावे, याचे मोल फार आहे. मात्र त्या मजकुरात दोनदा ‘पारंपरिक ओव्यांना नवा साज’ असे शब्द आले आणि ओढ हा विषय या मुलांना परदेशी बँडांवरून सुचला, असाही सूर उमटला. या दोन्ही गोष्टी दुरुस्त व्हाव्यात असे मला वाटते, कारण त्या अल्बममधली निदान एक ओवी कुणाची आहे आणि ती कुणाला उद्देशून म्हटली होती, हे मला पक्के ठाऊक आहे. ती माझ्या आत्याची ओवी आहे आणि तिच्यात माझ्या वडिलांचे नाव आहे.

आत्याचे माहेर निफाड तालुक्यातले आणि सासर बागलाणातले. नकाशात हे अंतर फार दिसत नाही, पण मध्ये सातमाळ्याची डोंगररांग आडवी पडलेली आहे. या रांगेच्या दक्षिणेला पडलेला पाऊस गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराकडे जातो आणि उत्तरेला पडलेला गिरणेतून तापीला मिळून अरबी समुद्राकडे. एकाच जिल्ह्यात उगम पावणाऱ्या गोदावरी आणि गिरणा या दोन नद्यांची पुढे कुठेही गाठ पडत नाही. प्राथमिक शाळेत मी ही गोष्ट वर्षानुवर्षे फळ्यावर नकाशा काढून शिकवली, पण आत्याच्या आयुष्यात तिचा अर्थ काय होता, हे मला फार उशिरा उमगले. कोवळ्या वयात लग्न होऊन ती डोंगरापलीकडे गेली; सासरी सगळे अहिराणी बोलणारे आणि हिच्या तोंडी निफाडची मराठी, त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षे ती जवळजवळ मुकीच होती, असे माझी आजी सांगत असे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, किंवा दिवाळीला माझे वडील मुऱ्हाळी म्हणून तिला आणायला जात. कधी पीक आडवे येई, कधी नदीचा पूर, कधी पैशाची ओढाताण, आणि मग ते वर्ष तसेच जाई. ते निघाले की नाही, कोणत्या दिवशी पोहोचतील, हे तिला कळायला काही साधन नव्हते. वाट पाहणे एवढेच तिच्या हाती होते आणि ते तिने जात्यावर केले.

१९८७ च्या मे महिन्यात मी तिच्याकडे आठ दिवस राहिले होते. गावात पिठाची गिरणी येऊन तोवर बरीच वर्षे झाली होती आणि जाते पडवीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेले होते. माझ्या आग्रहाखातर तिने ते मांडले, सुपात बाजरी घेतली, समोर तिची जाऊ बसली, आणि मी माझ्या टू-इन-वनचे बटण दाबले. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू जवळजवळ भरली. त्या कॅसेटवर मधूनमधून कोंबडा आरवतो, कुणीतरी म्हशीला हाकलते, आणि खुंट्यावर हात बदलताना दोघींच्या बांगड्या एकमेकींवर आपटल्याचा बारीक आवाज येतो.

मी सांगते ती ओवी या बाजूच्या शेवटाकडे आहे. तीत आत्या म्हणते की, डोंगराच्या बारीतून पांढरी टोपी खाली उतरताना दिसली तरी मी डोक्यावरची घागर उतरवीत नाही. उतरवली आणि तो दुसराच कुणी निघाला, तर ती पुन्हा उचलण्याचे बळ माझ्यात राहायचे नाही. अर्थ मी माझ्या शब्दांत सांगितला आहे. तिच्या तोंडी हे सगळे दोन ओळींत मावते, आणि दुसऱ्या ओळीच्या मधोमध, जिथे जात्याचा खुंटा तिच्याकडून जावेकडे जातो नेमके त्या ठिकाणी, माझ्या वडिलांचे तीन अक्षरी नाव येते. पुढचा शब्द खुंटा परत येईपर्यंत येत नाही. तेवढा वेळ नुसती दगडाची घरघर असते आणि त्या घरघरीवर ते नाव तरंगत राहते.

आता कुणी म्हणेल की, डोंगर, टोपी, घागर या गोष्टी शेकडो ओव्यांत येतात, मग ही ओवी तुमच्या आत्याची कशी? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर जात्यावरच्या ओवीच्या घडणीतच आहे. ओवीची पहिली ओळ बहुधा सगळ्यांची असते. ती आईकडून, सासूकडून, शेजारणीकडून येते, गावोगावी थोड्याफार फरकाने ऐकू येते, आणि बायका तिच्या चालीला ‘गळा’ म्हणतात तो गळाही असाच हातोहात येतो. दुसरी ओळ मात्र जिचे दुःख तिचीच असते. त्या ओळीत ती आपल्या भावाचे, मुलाचे, गावाचे नाव घालते, आपल्या दारची खूण घालते, आणि मगच ती ओवी तिची होते. कपड्याचा तागा सगळ्यांसाठी एकच असला, तरी त्यातून शिवलेली चोळी ज्या अंगाची त्याच अंगाला बसते, तसे हे आहे. ‘पारंपरिक’ हा शब्द पहिल्या ओळीला लागू पडतो. दुसऱ्या ओळीवर तो लिहिला की, ती ओळ जिने केली तिला आपण पुसून टाकतो.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका ओळखीच्या माणसाने कार्यक्रमासाठी म्हणून ही कॅसेट माझ्याकडून नेली, तिची नक्कल करून घेतली आणि कॅसेट परत दिली. पुढे दोनेक वर्षांनी एका लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाच्या पंगती चालू असताना मला लाउडस्पीकरवरून आत्याची ओवी ऐकू आली. गाणारी कुणी व्यावसायिक गायिका होती, ठेका नाचायचा होता, आणि माझ्या वडिलांच्या नावाच्या जागी ‘बंधुराया’ असा शब्द घातलेला होता. नाव तीन अक्षरी आणि हा शब्द चार अक्षरी, म्हणून खुंटा फिरतानाची ती जागाही भरून टाकली होती. नंतर सीडी मिळवून पाहिली, तेव्हा तिच्यावर ‘गीत : पारंपरिक’ एवढेच छापलेले आढळले. आत्या तेव्हा हयात होती. तिला मी हे सांगितले नाही. ज्या ओवीत तिने आयुष्यभर आपल्या भावाला हाक मारली, त्या ओवीतून तिचा भाऊच काढून टाकला आहे, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचे?

म्हणूनच ही भावंडे माझ्याकडे कॅसेट मागायला आली, तेव्हा मी ती लगेच दिली नाही. धाकटी माझी शाळेतली विद्यार्थिनी, म्हणून तिघांनाही घरात घेतले, चहा दिला, आणि माझ्यासमोर बसून ऐकायचे असेल तर ऐका, असे सांगितले. कॅसेटला मध्यंतरी बुरशी धरली होती, ती माझ्या पुतण्याने साफ करून घेतली होती, तरी काही ठिकाणी आवाज बुडतो. ती ओवी आली तशी धाकटीने हात वर करून थांबवले आणि विचारले, “बाई, हे मधले नाव कुणाचे?” मी सांगितले, “माझ्या वडिलांचे.” तिने भावाकडे वळून विचारले, “दादा, हे राहू द्यायचे ना?” तो म्हणाला, “ते काढले तर मागे उरते काय?” त्या दिवशी मी त्यांना कॅसेट दिली.

यानंतर या मुलांनी जे केले, त्यातले थोडे आपल्या वाचकांना सांगायला हवे, कारण ‘नवा साज’ या शब्दांतून त्याची कल्पना येत नाही. आत्या गेल्यावर तिचे जाते माझ्या आतेभावाने पंचवटीत माझ्याकडे आणून ठेवले होते. ते गाळ्यात न्यायचे आणि त्याचाच आवाज घ्यायचा, असे मुलांनी ठरवले. पण त्याची तळी गुळगुळीत झालेली होती. टाकी लावणारा कारागीर शोधता शोधता महिना गेला. शेवटी सिन्नरच्या बाजूला एक वृद्ध गृहस्थ भेटले, त्यांनी छिन्नी-हातोडीने दोन्ही तळ्यांना दिवसभर टाके मारले आणि मजुरी घेताना जात्याला नमस्कार केला. पहिल्या दिवशी मुलांनी जाते रिकामेच फिरवले. दगडावर दगड घासून त्याचा असा कर्कश आवाज आला की, माइक लावणाऱ्या मुलाने हेडफोन काढून ठेवले. मी त्यांना सांगितले की, जाते रिकामे फिरवायचे नसते, त्याला वैरण, म्हणजे दळायचे धान्य, घाला. बाजरी पडली तशी ती कर्कशता गेली आणि कॅसेटवर आहे तीच जड, ओली घरघर सुरू झाली. दोघी बहिणी समोरासमोर बसून दळत होत्या, तोंडाने ओवी म्हणत होत्या, आणि मूठभर पीठ जमेपर्यंत गाळ्यात कुणीही हलले नाही.

दुसरी अडचण ठेक्याची होती. रेकॉर्डिंगच्या वेळी सगळ्यांच्या कानात एकसारखी टकटक वाजवतात, तिला ही मुले ‘क्लिक’ म्हणतात. तिच्या आधाराने प्रत्येक वाद्य वेगळे वाजवले तरी पुढे सगळी जुळतात. ओवी त्या टकटकीत बसेना. जात्याचा फेरा वैरण पडली की जड होतो, दळण उतरले की हलका होतो, आणि ओळ त्याप्रमाणे लांबते किंवा आखडते. गायिकेचा श्वास दगडाच्या फेऱ्याला बांधलेला असतो. मुलांनी दोन रात्री खटपट केली आणि मग क्लिक बंद करून टाकली. आता जाते पुढे चालते आणि ड्रम त्याच्या मागे. मला रॉक संगीतातले फारसे कळत नाही, पण एवढे कळले की, या मुलांनी ओवीला आपल्या चालीवर ओढत नेले नाही.

एका बाबतीत मात्र त्यांचा आणि माझा वाद झाला, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जात्यावरच्या ओव्यांमध्ये बहीण भावाला हजार तऱ्हेने हाक मारते. तो कसा दिसतो, कसा चालतो, त्याच्या पायीचा जोडा कसा वाजतो, हे सांगते, त्याच्या बायकोविषयीची नाराजी बोलून दाखवते, तो आला तर ताटात काय वाढीन ते मोजून दाखवते. पण भाऊ तिथे नसतो. तो ऐकत नसतो, म्हणूनच तर ती एवढे मोकळेपणाने बोलते. ज्या गाण्यात शतकानुशतके भावाला हाक मारली गेली, ते गाणे आज सख्खा भाऊ शेजारी बसलेला असताना बहिणी म्हणत आहेत, ही या बँडची फार मोठी आणि फार नाजूक गोष्ट आहे. या दादाला साहजिकच वाटले की, आता भावाने उत्तर द्यावे. त्याने एक कडवे लिहिले, त्यात भाऊ म्हणतो की, मी निघालो आहे, वाटेत आहे, दिवे लागायच्या आत पोहोचतो. कडवे चांगले होते आणि त्याचा आवाजही भरून आला होता.

मी त्याला म्हटले, “बाळा, हे काढ.” माझे म्हणणे असे होते की, माझे वडील कित्येक वर्षे दिवे लागायच्या आत पोहोचले नाहीत, आणि आत्याचे जे काही आहे ते त्या न पोहोचण्यातून आलेले आहे. उत्तर मिळाले की ओढ संपते; मग ती भेटीची गोष्ट होते, आणि भेटीची गाणी आपल्याकडे वेगळी आहेत. चाळीस वर्षे घागर न उतरवता उभ्या असलेल्या बाईला आपण चार मिनिटांच्या गाण्यात सुटका देऊ नये, कारण ती सुटका तिला प्रत्यक्षात मिळालेली नव्हती. त्याने तेव्हा काही उत्तर दिले नाही. दोन आठवड्यांनी मला पुन्हा बोलावले. कडवे काढलेले होते. नावाच्या जागी सगळी वाद्ये थांबतात, एकटे जाते फिरत राहते, आणि ओवी संपल्यावर बऱ्याच अंतराने तो पावरी वाजवतो. भोपळा, बांबूच्या नळ्या आणि शिंग यांची ती पावरी त्याने सुरगाण्याकडच्या एका कोकणा आदिवासी वादकाकडे जाऊन-येऊन शिकून घेतली आहे. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात रात्रभर वाजणारे ते वाद्य इथे कुठल्या तरी लांबच्या डोंगरावरून ऐकू यावे, तसे येते. भाऊ जवळ आला की दूरच राहिला, हे त्यातून ठरवता येत नाही. माझ्या मते, हेच त्याचे खरे उत्तर आहे.

ओढ परदेशातून आली, या म्हणण्याविषयी आता लिहिते. ही मुले आयर्लंडच्या क्लॅनड या बँडला मानतात, हे खरे आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. १९७० साली डोनेगॉल परगण्यातल्या ग्वीडोर भागात तीन भावंडे आणि त्यांचे दोन जुळे मामा यांनी मिळून हा बँड उभा केला. त्याच्या नावाचा अर्थच ‘दोभारचे कुटुंब’ असा आहे. इंग्रजीच्या दाराशी उभे राहून त्यांनी आपल्या आयरिश भाषेत गाणी म्हटली, आणि १९८२ साली त्या भाषेतले त्यांचे एक गाणे ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत पहिल्या पाचांत गेले. आपल्या देशातही नागालँडच्या टेट्सेओ भगिनी आपल्या चोक्री भाषेतली ‘ली’ नावाची लोकगीते घेऊन अशाच उभ्या राहिल्या आहेत. एका घरात वाढलेल्या मुलांचे स्वर एकाच आईच्या बोलण्यातून घडतात, कुणी कुठे श्वास घेणार हे दुसऱ्याला न सांगता कळते, आणि म्हणून त्यांचा एकत्र आवाज वेगळाच लागतो. मंगेशकर भावंडांच्या महाराष्ट्राला हे नव्याने सांगायला नको. पण या मुलांनी आयर्लंडकडून घेतले ते धाडस, आपल्या घरच्या बोलीत गाण्याचे. विषय त्यांच्या स्वतःच्या घरातला आहे. त्यांची आई कळवणची. तिच्या आईच्या तोंडच्या ओव्याही या अल्बममध्ये आहेत.

आणि भावंडे, विरह, बहिणीची हाक या गोष्टी जर कुठल्या जिल्ह्याला परक्या नसतील, तर त्या नाशिकला नाहीत. येथून अठ्ठावीस-तीस किलोमीटरवर त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची समाधी आहे. पौष वद्य एकादशीला लाखो माणसे तिथे चालत जातात, आणि ज्या चार भावंडांचे नाव घेत जातात त्यांतल्या धाकटीने, मुक्ताईने, रुसून ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवांना बाहेरून हाक मारली होती. बंद दाराबाहेर उभी असलेली बहीण आणि आतला भाऊ, याहून या विषयाचे जुने रूप मराठीत कोणते सांगावे? ज्ञानदेवांच्या विराण्या तर आजही आपण गातो. आईच्या आठवणी १९३३ साली नाशिकच्याच तुरुंगात बसून ज्यांनी लिहून काढल्या, त्या साने गुरुजींनीच पुढे घरोघरच्या बायकांच्या ओव्या वेचून जपल्या, हाही मला योगायोग वाटत नाही. एका माणसाची सय दुसऱ्याला कशी येते, हे ज्याला कळले तो ओवीकडे वळणारच.

नावाचा आग्रह धरणारी मी पहिली नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी अनेक वर्षे खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तो संग्रह २०१७ पासून पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात क्रमाने प्रसिद्ध होत आहे. त्यातली ओवी वाचताना ती कोणी म्हटली, कोणत्या गावात म्हटली, तिची जात-उपजीविका काय, मुले किती, हे सोबत दिलेले असते. बहुतेक ठिकाणी तिचे छायाचित्रही असते. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज तिथे ऐकताना आपण एका बाईला भेटतो, कुठल्याशा परंपरेला नव्हे. कायदाही या बाजूने थोडा सरकला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली गायक-वादकांचे स्वतंत्र हक्क आले, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या सादरीकरणाला आपले नाव लावावे, अशी मागणी करण्याचा हक्कही त्यांना मिळाला. पण मी कायद्याच्या आधाराने बोलत नाही. ज्या बाईने लिहिता येत नसताना दोन ओळी केल्या आणि त्या तोंडपाठ राहतील इतक्या घट्ट केल्या, तिचे नाव लिहायला आपल्याला कायद्याची वाट का पाहावी लागावी?

या भावंडांनी ती वाट पाहिलेली नाही. अल्बममध्ये पाच बायकांच्या ओव्या आहेत. प्रत्येक गाण्याखाली ओवी म्हणणारीचे नाव, तिचे माहेर, तिचे सासर आणि ओवी कोणत्या वर्षी ध्वनिमुद्रित झाली ते देण्याचे त्यांनी ठरवले आहे, आणि त्यासाठी ज्या घरांचा पत्ता लागला त्या प्रत्येक घरी जाऊन परवानगी घेतली आहे. माझ्या आत्याचे नाव मी दिले. आतेभावाने कागदावर सही करताना विचारले की, मामाचे नावही गाण्यात राहणार का, आणि राहणार म्हटल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. या पत्रात मी कुणाचेही नाव लिहीत नाही, कारण पाचांपैकी दोन घरांची परवानगी अजून मिळालेली नाही, आणि काही नावे छापून काही गाळणे मला योग्य वाटत नाही.

माझी आपणास विनंती एवढीच आहे की, या अल्बमविषयी पुन्हा लिहाल तेव्हा ‘पारंपरिक’ हा शब्द वापरण्याआधी या मुलांना विचारावे. ते नावे सांगतील. दुसरी विनंती आपल्या कळवण, देवळा आणि बागलाणच्या वाचकांना आहे. अल्बम बाजारात येण्यापूर्वी, येत्या आखाजीच्या संध्याकाळी, माहेरवाशिणी झोक्यावर असताना, ही भावंडे माझ्या आत्याच्या गावच्या लिंबाखाली ही गाणी पहिल्यांदा म्हणणार आहेत. त्याआधी राहिलेल्या दोन घरांचा पत्ता लागावा, अशी त्यांची धडपड चालू आहे. त्या दोघींच्या ओव्या या मुलांच्या आजीने १९९० च्या सुमारास कळवणच्या बाजूला एका लग्नघरी हळद दळताना टेप केल्या होत्या. एकीचा आवाज जाड आहे आणि ती प्रत्येक ओळीच्या शेवटी किंचित खोकते. दुसरीचा आवाज कोवळा आहे, तिच्या ओवीत गिरणेला आलेल्या पुराचा आणि पलीकडच्या काठावर बैलगाडी सोडून बसलेल्या भावाचा उल्लेख आहे, आणि त्या भावाचे नाव अगदी स्वच्छ ऐकू येते. तिचे स्वतःचे नाव मात्र त्या कॅसेटवर कुठेही नाही. कुणाच्या घरी त्या लग्नाची आठवण असेल, तर त्यांनी आपल्या कार्यालयात कळवावे, तेथून निरोप या मुलांपर्यंत पोहोचेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
पंचवटी, नाशिक